सावेमामांनी नेलेलं पुस्तक

माझं एक पुस्तक शांताराम सावे यांच्या घरी आहे आणि ते मला परत नको. हे आधीच सांगतो, कारण पुस्तकांच्या बाबतीत मी अतिशय चिकट माणूस आहे. सख्ख्या भावाने नेलेलं पुस्तक मी दातिवऱ्याला जाऊन त्याच्या उशाखालून काढून आणलं होतं, आणि तेव्हापासून वहिनी माझ्या चहात साखर कमी घालते. तरी हे पुस्तक मी सोडलं. सावेमामांबद्दल सांगायचं तर त्या पुस्तकापासूनच सांगावं लागेल, कारण ते मध्ये आलं नसतं तर या माणसाबद्दल सांगण्यासारखं काही आहे हे मला कधी कळलंच नसतं.

बोईसरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कामाला. कापडाच्या रंगात पडणारी रसायनं आमच्याकडे बनतात. मी लॅबमध्ये चार वर्षांपासून, मामा प्लँटवर ऑपरेटर सव्वीस वर्षांपासून. पाम गावात त्यांचं घर, मागे लहानशी वाडी, थोड्या केळी, एक शेवगा, तोंडलीचा मांडव. तिथून ते सायकलने येत. हँडलला बारा महिने छत्री लटकलेली. भर उन्हाळ्यात कुणी विचारलं तर म्हणत, "छत्रीला घरात करमत नाय." मला माहीत असलेला त्यांचा हा एकुलता एक विनोद, आणि तोही ते अजिबात न हसता करत.

कामात माणूस इतका चोख की राग यावा. व्हॉल्व्ह बंद केला की हात लावून बघणार. चार पावलं गेल्यावर परत येऊन बघणार. तिसऱ्यांदा लांबूनच मान वाकडी करून बघणार. लॉगबुकात दर तासाचं तापमान इतक्या सुबक अक्षरात की ऑडिटवाले पान उघडून एकमेकांना दाखवत. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला ताबा देण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. "टाकी तीन, भरली, बघितली. पंप चालू, बघितला. व्हॉल्व्ह बंद, बघितला." समोरचा जांभया देत असला तरी यातला एक शब्द गळायचा नाही. हाताची बोटं रसायनाने कायमची पिवळी झालेली. नवरदेवाला हळद चार दिवस असते, मामांना सव्वीस वर्षं होती. वाफांवर उतारा म्हणून आमच्याकडे रोज गुळाचा खडा मिळतो. मामा आपला खडा न खाता कुठल्यातरी कंत्राटी मजुराच्या हातावर ठेवत आणि त्याने काही म्हणायच्या आत निघून जात.

त्यांच्या दोन गोष्टी मात्र मला कळत नसत. एक म्हणजे ते कायम सेकंड शिफ्टला असत, दुपारी तीन ते रात्री अकरा. संसारी माणूस ही शिफ्ट टाळायला साहेबाच्या हातापाया पडतो. मामांनी ती अर्ज करून मागून घेतली होती. दुसरी म्हणजे ते डबा आणत नसत. घर सायकलच्या अंतरावर, बायको सुगरण म्हणून गावात नाव असलेली, आणि हा माणूस कँटीनची पाणचट डाळ खात बसायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "डबा जड व्हतो." मी म्हटलं, असेल स्वभाव. काही माणसांना सुख टोचतं.

हसणं तर त्यांना अजिबात खपायचं नाही. कँटीनमध्ये आमचा आवाज चढला की ताट उचलून भिंतीजवळच्या टेबलावर जात आणि आमच्याकडे पाठ करून जेवत. मी मनातल्या मनात त्यांना प्रेशर गेज म्हणायचो. नुसता काटा, तोंड नाही.

आता पुस्तकाकडे येतो. फोनवर दर रविवारी एक चित्रमालिका येते. नाव 'डबा राहिला!' चार चौकटी, थोडे शब्द. काढणारी स्वतःचं नाव लिहीत नसे, कोपऱ्यात फक्त 'ताई' अशी सही. त्यात एक घर आहे, आई, बाप, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. बाप कारखान्यात जायला निघतो. गॅस तीनदा बघतो, नळ दोनदा बघतो, कुलूप ओढून बघतो आणि सायकलवर बसून डबा विसरून निघून जातो. दारातून आई ओरडते, "डबा राहिला!" मग भाऊ डबा घेऊन मोटरसायकलवर मागे निघतो. गोष्ट दर वेळी हीच आणि तरी दर वेळी वेगळी.

एकदा भाऊ अर्धी दाढी करून, तोंडाला फेस तसाच ठेवून निघतो, आणि गेटवरचा माणूस विचारतो, "आपण कोण?" तो म्हणतो, "मी डबा." एकदा वाटेत वरात लागते, हा डबा डोक्यावर घेऊन नाचतो, आणि गेटवर पोचतो तेव्हा डोक्यावर फेटा असतो. आई फोनवर विचारते, "पोचलास का?" हा म्हणतो, "पोचलो, पण बहुतेक माझं लग्न झालं." एकदा बाप डबा उघडतो तर आत एकच पोळी, आणि त्या पोळीवर भावाने लिहिलेलं असतं, 'चव बघितली, बरी आहे.' मी भाड्याच्या खोलीत एकटा पडून असली चित्रं बघून इतका हसायचो की शेजारचा भिंत ठोकायचा.

यंदा त्या मालिकेचं छापील पुस्तक निघालं. मी पहिल्याच दिवशी मागवलं. फोनवर रविवारी एक चित्र बघायचं, हसायचं आणि अंगठ्याने वर सरकवायचं, आणि तेच हातात जाड पुस्तक घेऊन बघायचं, यात केवढा फरक असतो ते मला तेव्हा समजलं. पान उलटून मागे जाता येतं. दोन वर्षांपूर्वीचं चित्र आणि कालचं शेजारी ठेवता येतं. फोनवर कधी ध्यानात आलं नव्हतं, पुस्तकात आलं, की भाऊ हळूहळू मोठा होतोय. सुरुवातीला मिसरूडही नसलेला पोरगा शेवटच्या पानांत दाढी राखून, जरा पोट सुटून वावरतोय. आणि प्रत्येक चित्राची चौथी चौकट एकच आहे, कारखान्याचं गेट आणि डबा धरलेला भावाचा हात. हे बघून मला गंमत वाटली. देवाशप्पथ, नुसती गंमत वाटली.

आमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करावे लागतात. आत सॉल्व्हंटच्या वाफा असतात, ठिणगीची भीती. लाकडी कप्प्यांत फोन ठेवायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा. त्यामुळे फोनवरची कुठलीही मजा आत कुणाला दाखवता येत नाही. पुस्तकाला मात्र बंदी नाही. मी ते बॅगेतून काढलं तेव्हा गेटवरच्या रामकिसनने हातात घेतलं आणि चार पानं उलटून तो खुदकन हसला.

"ये तो अपने गेट जैसा गेट है," तो म्हणाला.

"सगळी गेटं सारखीच असतात," मी म्हटलं आणि आत गेलो.

साडेसातला कँटीनमध्ये बॉयलरवरच्या पंढरीच्या हाती पुस्तक लागलं. पंढरी म्हणजे आवाजांचा कारखाना. आईचा आवाज वेगळा, बापाचा वेगळा, मोटरसायकलचा वेगळा. दहा-बाराजण त्याच्याभोवती ताटं घेऊन उभे. कुणाच्या नाकातून ताक आलं. पलीकडच्या टेबलावर मामा पाठ करून जेवत होते.

"अरे, हा बाप बघा," पंढरी ओरडला. "गॅस तीनदा बघतोय. छत्री हँडलला. डिट्टो आपले सावेमामा!"

मग त्याला जास्तच चेव आला. पुस्तक घेऊन तो मामांच्या टेबलाशी गेला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवत म्हणाला, "मामा, तुमचा फोटो छापलाय. पेढे काढा."

आम्ही सगळे हसत होतो. मामांनी नाइलाजाने नजर टाकली. त्या पानावर घराचा ओटा होता, सिमेंटचा बाक, बाजूला जास्वंद, आणि मोटरसायकलवर बसलेला भाऊ. नंबरप्लेटवर खरा वाटावा असा पुरता नंबर होता. मामांनी पान जवळ ओढलं. हात पँटला पुसले आणि पुढचं पान उलटलं. मग पुढचं. पंढरी अजून काहीतरी बरळत होता, पण त्यांचा चेहरा बघून त्याचाही आवाज बसला. मामांच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, ते आम्हा कुणाला सांगता आलं नाही. मग ते उठले, पुस्तक काखेत घातलं आणि अर्धं ताट तसंच टाकून प्लँटवर गेले.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पहिला विचार आला तो पुस्तकाचा, त्यावर पिवळी बोटं उमटणार हा.

नऊ वाजता सॅम्पल घ्यायला मी मामांच्या पॅनेलवर गेलो. ते लॉगबुकावर पुस्तक उघडं ठेवून बसले होते. लॉगबुकात आठ आणि नऊचे रकाने कोरे होते. मी ते स्वतः भरले, कारण सव्वीस वर्षांत त्यांचा एकही रकाना कोरा राहिलेला नव्हता, आणि मला ते बघवेना.

"मामा," मी जरा गुळमुळीत आवाजात म्हटलं, "पुस्तक..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चौथ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो पोचला."

"कोण?"

"ह्यो." पान उलटलं, बोट ठेवलं. "हितं पन पोचलाय. बघ." पुन्हा पान उलटलं. "हितं पन."

मला वाटलं, म्हाताऱ्याला वाफ लागली. गुळाचा खडा आणून समोर ठेवला आणि सॅम्पल घेऊन परत आलो. अकराला मामा ताबा न देता गेले. पुढचा ऑपरेटर माझ्याकडे येऊन विचारत होता, "मामांनी टाकी तीनचं काही सांगितलंच नाही, बरे आहेत ना?"

तेव्हा बसची वाट बघताना पंढरीने मला सांगितलं. त्याच्या तोंडून इतक्या हळू आवाजात काही ऐकण्याची ती पहिलीच वेळ.

"त्यांचा मुलगा होता. धीरज. एकोणीस वर्षांचा. तू यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. मामा तेव्हा फर्स्ट शिफ्टला होते. डबा घरी विसरले. मामीने धीरजला गाडीवर पाठवलं. तारापूर रस्त्याच्या वळणावर टँकर आला." पंढरीने बस येते का ते बघितलं. "मामा आत पॅनेलवर होते. फोन गेटवर, कप्प्यात. दोन तास वाजत होता. कप्प्यातले फोन दिवसभर वाजतच असतात, कोण उचलणार? शेवटी गावातला एकजण गेटवर आला, तेव्हा यांना कळलं." मग एकदम म्हणाला, "मी त्यांच्या ताटाशेजारी पुस्तक ठेवलं रे. पेढे काढा म्हटलं."

मी तर त्या चौथ्या चौकटीला शंभर वेळा हसलो होतो.

पुढचे तीन दिवस मामा आले नाहीत. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. चौथ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी मी पामला गेलो. मनात स्वतःला सांगत होतो की पुस्तक आणायला चाललोय, म्हणजे जायला निमित्त हवं होतं.

घर शोधावं लागलं नाही. ओटा, सिमेंटचा बाक, जास्वंद. मी तिथे चित्रांतून इतक्या वेळा गेलो होतो की चपला कुठे काढायच्या हेही मला ठाऊक होतं. मामा बाकावर बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून आत बघत म्हणाले, "शालू, कंपनीतला ललित आलाय."

आतून एक बाई भिंतीला हात लावत आली. शालूमामी. चित्रातल्या आईसारखाच गोल चेहरा, पण डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते. "बस हां बाबा, चा टाकते," म्हणाली आणि तशीच भिंत धरून आत गेली. चित्रातली आई दारातून तीरासारखी धावत येते. मला चहा नको होता, पण नको म्हणायचा धीर झाला नाही.

मामा खालच्या आवाजात बोलू लागले. चार वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या एका चहाच्या आधणात बोलले.

"धीरज गेला तवा मी सांगितलं, घरात त्याचं नाव घ्यायचं नाय. फोटो लावायचा नाय. मला सोसणार नाय म्हणून सांगितलं. दोघींनी ऐकलं. जागू, माझी पोरगी, नोकरीला पुण्याला गेली. जाताना आईला मोठा फोन घेऊन दिला. वरीसभरानी ही बाय फोन घेऊन हितं बसायची आनि हसायची. मोठ्यानी. मी वाडीत पानी लावत असलो तरी तिथवर ऐकू यायचं. मला वाटलं, ही पोराला इसरली. वरीस झालं नाय तर इसरली. मला तिचं तोंड बघवंना. म्हणून सेकंड शिफ्ट मागून घेतली, म्हणजे सकाळी झोपायचं, दुपारी निघायचं. तिच्या हातचा डबा पन नको झाला."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही कधी?"

"त्या दिवसापासून फोनला मी हातच लावला नव्हता," ते म्हणाले.

"दिवाळीपासून तिचं हसणं बंद झालं. साखरेनी डोळे गेले. मला म्हाईत व्हतं डोळे गेले म्हणून बंद झालं. तरी मला बरं वाटलं, ललित. घर गप झालं तर मला बरं वाटलं." त्यांनी ओठ दाबून धरले. मग म्हणाले, "माझ्यासारखा नालायक मानूस तू बघितला नसशील."

मामांनी बाकावरचं पुस्तक उचलून माझ्यापुढे धरलं. मी उघडलं. प्रत्येक पानावर, चौथ्या चौकटीत, भावाच्या हातावर पिवळ्या अंगठ्याचा ठसा होता. एकशेचाळीस पानं, एकही सुटलं नव्हतं. मी पुस्तक मिटून परत त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"जागूला केला फोन," मामा म्हणाले. "म्हटलं, मी बघितलं पुस्तक. ती घाबरली. म्हणाली, बाबा, रागवू नका, बंद करते. मी म्हटलं, अगं, रागावलो नाय. तर रडायला लागली. मग मला पन बोलता येईना. रविवारी येतेय."

"आणि मामी?"

"हिला अजून सांगितलं नाय. कसं सांगू? तीन दिस झाले, तोंड उघडत नाय माझं."

मामी चहा घेऊन आली. कप मांडीवर सांडू नये म्हणून मी पुढे होऊन घेतला. मामांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी नजरेने म्हटलं, आता बोला. बहुतेक परका माणूस समोर होता म्हणूनच त्यांना धीर आला. घरात दोघंच असते तर अजून तीन वर्षं गेली असती.

"शालू, बस जरा," ते म्हणाले. "वाचून दाखवतो."

"काय?"

उत्तर न देता त्यांनी चष्मा लावला, पुस्तक मधूनच उघडलं आणि जसा प्लँटवर ताबा देत तसं सुरू केलं. "चौकट एक. घर. ओटा. बाप सायकलवर बसलाय. डबा आज घेतलाय. आईने त्याच्या कपाळाला हात लावलाय, ताप हाय का बघाया."

मामीचा हात पदरावर होता तो तिथेच थांबला.

"चौकट दोन. बाप रस्त्याला लागला. मागं पोरगा गाडीवर बसलाय. तोंड पाडून. आज त्याला काय काम नाय." मामांचं बोट पुढच्या चौकटीवर सरकलं. "चौकट तीन. बाप परत आला. कुनाला दिसू नये असा डबा ओट्यावर ठेवतोय. म्हणजे मुद्दाम इसरतोय. चौकट चार..."

"शर्ट कुठला घातलाय त्यानी?" मामीने विचारलं.

"कुनी?"

"धीरजनी."

सात वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मी कप खाली ठेवला.

"निळा," मामा म्हणाले.

"निळा नाय. मोरपंखी. जागूनी सांगितलेला फोनवर." तिने हात पुढे केला. मामांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिने पानावर तळहात फिरवला, कोऱ्या भिंतीवर फिरवावा तसा. "तुमाला कुठं मिळालं हे?"

"कंपनीत. ह्याचं हाय."

"सगळी हसली असतील कंपनीत."

"हसली," मामा म्हणाले. मग तिच्या हाताखालच्या पानाकडे बघत म्हणाले, "मला वाटलेलं, तू त्याला इसरलीस. म्हणून हसतेस."

मामीने मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी मुद्दाम मोठ्यानी हसायची. तुमी वाडीत असायचात ना, तिथवर ऐकू जाईल असं. म्हटलं, कवातरी येऊन इचाराल, कशाला हसतेस म्हणून. म्हणजे दाखवता येईल. नाव न घेता दाखवता येईल. सा वर्सं हसली मी. तुमी एकदा पन इचारलं नाय."

मामांनी चष्मा काढला. पिवळ्या बोटांनी डोळे दाबून धरले. त्यांना रडताना बघायला नको म्हणून मी जास्वंदीकडे बघत बसलो, पण कान कुठे नेणार?

"मग आता दाखव," ते म्हणाले.

"आता मला कुठं दिसतंय?"

वाडीत कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला आणि बंद केला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"शालू," मामा म्हणाले, "त्या दिवशी डबा मी इसरलो व्हतो."

"आनि त्याला पाठवला मी," मामी म्हणाली.

मग मामीने चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि ते पानावर ठेवलं.

"वाचा पुढं," ती म्हणाली. "चौथी राहिली. तिच्यात पोचतो ना तो?"

"पोचतो."

"मग वाचा."